भट्टीशेजारचं झूलाघर

आमच्या कार्यालयाच्या मागे पत्र्याच्या खोलीत झूलाघर होतं. म्हणजे आपलं पाळणाघरच, पण नवा रायपूरच्या सरकारी पाटीवर ते झूलाघर. कार्यालय ऊर्जेचं, आणि झूलाघरात वीज नव्हती. खोली तात्पुरती आहे, आणि तात्पुरत्या खोलीला लाईन देता येत नाही. ती कित्येक वर्षांपासून तात्पुरती आहे, हा भाग वेगळा.

माझी स्वरदा नऊ महिन्यांची. चौबे कॉलोनीतून निघताना ती बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपते आणि झूलाघरात पोरं सांभाळणाऱ्या कमलाच्या मांडीवर जागी होते. डोळे उघडल्यावर कमला दिसली की हसते, मी दिसले की रडते. माझा नवरा गौतम रेल्वेत, कधी डोंगरगढ तर कधी बिलासपूर. घरी तिसरं कुणी नाही. म्हणून झूलाघर चालू तर माझी नोकरी चालू.

मी सोलर विभागात कंत्राटी इंजिनिअर. होळीनंतर पत्रा तापायला लागला तेव्हा आम्ही नमुन्यादाखल झूलाघरावर एक पॅनल बसवलं. त्याच्या बॅटरीवर एक पंखा फिरायचा, आणि त्याच्याखाली सगळी पोट्टी एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपायची. बाकीच्या पंख्यांचा आणि कूलरचा प्रस्ताव मी यशवंतराव साहेबांकडे दिला.

"सोनिया बेटा, सोलरचे पैसे यंदा तिकडे वळले," साहेब म्हणाले. त्यांच्या हातात गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक होतं. "छोटी अणुभट्टी. ट्रकवर मावते म्हणतात. तिचा अभ्यास करायचा, मॉडेल करायचं. दिल्लीहून पाहुणे येऊन राहिले."

"भट्टी कधी सुरू होईल साहेब?"

"दहा-बारा वर्षं पकड."

"तोवर स्वरदा सहावीत जाईल."

"मग चांगलंच आहे की. पंख्याखाली बसून अभ्यास करेल."

अणुभट्टीशी माझं काही वैर नाही. होईल तेव्हा होवो, सुखाने होवो. पण माझ्या लेकीच्या मानेवर घामोळं आज आहे.

बाहेर कमला वाट पाहत होती. "दीदी, पंखा नइ आही त झूलाघर बंद हो जाही," ती म्हणाली. एका पंख्यावर भागत नसेल तर उन्हाळाभर कुलूप, असं तिला वरून सांगितलं होतं. तिच्या कडेवरून स्वरदा माझी ओढणी चघळत होती. उन्हाळाभर मी घरी बसले असते, तर पुढचं कंत्राट दुसऱ्या कुणाला मिळालं असतं. एवढा अभ्यास मीसुद्धा केला होता.

मॉडेल मात्र झटपट झालं. बूढापाऱ्याच्या बाजारातून धान्याची पत्र्याची कोठी आणली, तिला चंदेरी रंग दिला, आत निळे दिवे सोडले. वरच्या हॉलमध्ये चौथऱ्यावर ती अशी काही उभी राहिली की येणारा-जाणारा आवाज खाली करून बोलू लागला.

पाहुणे यायच्या दिवशी साहेबांनी नारळ मागवला. आमच्याकडे नवी स्कूटर असो की नवा प्रिंटर, नारळ फोडल्याशिवाय कुणी बटण दाबत नाही. मग अणुयुगाने काय पाप केलं होतं? साहेबांनी कोठीला हळदकुंकू लावलं आणि चौथऱ्याच्या कडेवर नारळ हाणला. एका फटक्यात फुटला. पाणी सरळ खालच्या वायरींच्या बोर्डात गेलं. फट् आवाज झाला आणि सगळा मजला अंधारला.

पाहुणे तेव्हा फाटकातून आत शिरत होते.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या प्रेमाने त्यांनी सोलर विभागाकडे कधीच पाहिलं नव्हतं. "बेटा, तुमची ती बॅटरी..."

"देते साहेब. पण बॅटरी जिथे, तिथे पंखा. आणि पंखा जिथे, तिथे पोरं."

"अवं, हॉलमध्ये पोट्टे?"

"पत्र्याखाली बिनपंख्याचे कसे ठेवू? तुम्हीच सांगा."

जिन्यावर बुटांचे आवाज यायला लागले, तशी साहेबांनी होकाराची मान हलवली. आम्ही मागच्या जिन्याने बॅटरी चढवली. मागून कमला सतरंजी, पंखा आणि सगळं बालमंडळ घेऊन आली. कोठी निळी उजळली, पंखा फिरला. पाहुणे आत आले तेव्हा स्वरदा अणुभट्टीला धरून उभी राहण्याचा प्रयत्न करत होती.

"ये बच्चे?" पाहुण्यांनी विचारलं.

साहेबांच्या कपाळावरून हळद-घामाचा ओघळ आला. "सर, ये सेफ्टी डेमो है," ते म्हणाले. "जनता को दिखाना है कि डरने की कोई बात नहीं."

स्वरदाने कोठीला एक मुका दिला.

"बहुत बढ़िया," पाहुणे म्हणाले. "इसको परमानेंट कीजिए."

परमानेंट झालं. पॅनलही गच्चीवर आलं, कारण भट्टीला ऊन लागतं. तात्पुरत्या खोलीत आता साहेबांच्या सतरंज्या ठेवतात. बाहेरून लोक मॉडेल पाहायला येतात, तेव्हा कमला पोरांना तेवढी तोंडं पुसून बसवते. साहेब सांगतात, ही भविष्याची ऊर्जा. लोक माना डोलावतात. दिवे कशावर जळतात हे अजून कुणी विचारलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी वर जाते. निळ्या उजेडात स्वरदा झोपलेली असते, मानेवरचं घामोळं गेलेलं. कोठीचं झाकण उघडून मी आत दिव्यांच्या उबेला वाळत घातलेले स्वरदाचे कोरडे लंगोट काढून घेते आणि झाकण हळूच लावते, आवाज होऊ नये म्हणून.