सैंधवाचा खडा

मीरबाज गावच्या डोंगरातल्या जंगली जनावरांचा राखणदार होता, आणि राखणदाराने जे कधीच करू नये नेमकं तेच त्याने करून ठेवलं होतं. त्याने एका मारखोराला लळा लावला होता.

पिळदार शिंगांचा तो डोंगरी बोकड पिल्लू असताना बिबट्याच्या तावडीतून सुटला, तेव्हापासून मागचा पाय ओढत चालायचा. कळपाबरोबर मीठ चाटायला खारट कड्यापर्यंत चढणं त्याला जमेना. मीरबाजला दया आली. तो खिशातून सैंधवाचा खडा न्यायचा, खडकावर ठेवायचा, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा आणि लांब जाऊन बसायचा. पुढेपुढे लांब जायची गरज उरली नाही. लंगडा मोठा झाला, म्हातारा झाला, पण शिट्टी ऐकली की यायचाच. हल्ली त्याच्यामागून दोनचार माद्या आणि पिल्लंही येऊ लागली होती.

मीरबाजचं शिकारीशी भांडण नव्हतं. लहानपणी त्याने हा डोंगर ओस पाहिला होता. बापाच्या पिढीने सगळं मारून खाल्लं होतं. मग परवान्याची रीत आली. वर्षाकाठी एक म्हातारा नर परदेशी पाहुण्याने मारायचा आणि पैसा गावाला मिळायचा. त्यातून दवाखाना झाला, नर्सबाई आली, गावच्या बंदुका पेटीत गेल्या आणि कळप पुन्हा वाढले. एकाच्या जिवावर बाकीचे जगतात, हे त्याला मनापासून पटलेलं होतं. तो एक कोण, एवढाच विचार तो टाळत आला होता.

यंदाचा पाहुणा दिलदार होता, पण गुडघ्यांनी त्याचा घात केला. तीन वेळा चढायला निघाला आणि तीन वेळा अर्ध्यावर बसला. उद्या परवान्याची मुदत संपणार होती. हाजी यूनस, गावच्या कमिटीचा प्रमुख, खारट चहाचे घुटके घेत बसला होता.

"मीरबाज, हा रिकाम्या हाताने गेला तर पुढच्या वर्षी आपल्या खोऱ्यात कुत्रं फिरकणार नाही."

"मग मी काय करू हाजीसाहेब? पाठुंगळी घेऊन चढू त्याला?"

"घे की! तुझ्या घरी सून अवघडलीये. नर्सबाई गेली तर बाळंतपण कोण करणार, तू?"

मीरबाजची थोरली सून अशीच बाळंतपणात गेली होती, दवाखाना नव्हता तेव्हा; त्यानेच तिला पुरलं होतं. चहा थंड झाला. मग खाली बघतच तो म्हणाला, "पाहुण्याला ओढ्यापाशी बसवा. बोकड मी खाली आणतो."

"आणतो म्हणजे? तुझी काय शेळी आहे ती?"

मीरबाज उठून बाहेर पडला.

सकाळी त्याने ओढ्याकाठच्या सपाट खडकावर सैंधव ठेवलं आणि जवळच्या झुडपापाशी बसून शिट्टी मारली. पाहुणा त्याच्या मागे, थोडा लांब, बंदूक रोखून होता. मनात म्हणत होता, आज नको येऊस बाबा. लंगडा आला. उतारावरून पाय ओढत, घाईघाईने आला. खाल्ल्या मिठाला तो जागला. खड्याला जीभ लावली, मान वर करून झुडपाकडे पाहिलं, आणि गोळी सुटली.

हलाल करायला मीरबाजच सुरी घेऊन धावला, कारण जवळ तोच होता. लंगड्याच्या ओठांवर मिठाचा चुरा तसाच होता. अल्लाचं नाव घेताना त्याची जीभ अडखळली.

पाहुण्याने येऊन मीरबाजला मिठी मारली. पाहुण्याचे डोळे भरले होते. सोबतचा दुभाष्या सांगू लागला, "म्हणतायत, त्याने मान वर केली ना, तेव्हा माझ्याकडेच बघितल्यासारखं वाटलं. जन्मात विसरणार नाही."

तो कुणाकडे बघत होता, ते मीरबाजला माहीत होतं.

मारखोर ही पऱ्यांची गुरं, असं त्या गावचे जुने शिकारी सांगत. पऱ्या त्याला आधी स्वतः कापून खातात, हाडं जुळवून पुन्हा उठवतात, आणि मगच तो माणसाच्या वाट्याला येतो. एखादी बरगडी हरवलीच तर तिथे जुनिपरच्या झाडाची काटकी बसवतात. म्हणजे माणूस मारतो तो आधीच मेलेला असतो. मीरबाजने हे कधी खरं मानलं नव्हतं. आज मात्र मांस सोडवताना तो एकेक बरगडी बोटांनी चाचपत राहिला.

"काय हरवलं रे?" हाजीने विचारलं.

"काही नाही."

काटकी कुठेच नव्हती. सगळी हाडंच होती.

गावभर वाटे गेले. घरी रस्सा उकळला. बायकोने ताट पुढे केलं. "अहो, खा की. सून बघा कशी चवीने खातेय."

"खाऊ दे तिला," तो म्हणाला आणि उठला. सून खाताना पाहून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

दारात हाजी भेटला, खुशीत होता. "मला आता कळलं रे तुझं गुपित! पुढच्या वर्षीही तुझी शिट्टीच. गुडघे मोडलेले आले तरी चालतील."

त्या रात्री मीरबाजचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तो ओढ्यावर गेला आणि त्याने शिट्टी मारली. माद्या आल्या, पिल्लं आली. पुढे एक वर्षभराचा नर होता, शिंगांना नुकता पीळ धरलेला. लंगड्याच्या मागेमागे फिरून तो हे शिकला होता.

मीरबाजने दगड उचलला. त्याने मुद्दाम बाजूला फेकला. "जा! निघा इथून! मी तुमचा कुणी नाही!"

कळप बिचकला आणि थांबला. तो कोवळा नर मात्र पुढे आला, पडलेल्या दगडापाशी गेला, मान खाली घातली आणि दगड चाटू लागला.

मीरबाजला रडू फुटलं. बाहीने डोळे पुसून त्याने दुसरा दगड उचलला, आणि या वेळी नेम धरून मारला.