पेपरातला हंडा

वडवणीजवळच्या त्या गावात कधी खोटं न बोलणारा माणूस म्हणून बद्रीअण्णांची ख्याती होती, आणि त्या ख्यातीनंच त्यांचा घात केला. गावच्या विकास सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी जुने कागद चाळताना चेअरमन सुंदररावांना बहात्तरच्या दुष्काळातलं एक कात्रण सापडलं. 'पिण्याचे पाणी वाया घालवल्याने पत्नीने पतीला भर उन्हात डोक्यावर हंडा देऊन उभे केले!' गाव हेच होतं, नावं मात्र नव्हती. खरंखोटं ठरवायचं काम सभेनं एकमतानं अण्णांच्या गळ्यात घातलं.

आता पंचाईत अशी, की तो पती म्हणजे खुद्द अण्णाच! तेव्हा ते सोसायटीचे सचिव होते. सहकारातले मोठे साहेब येणार म्हणून धूळ बसवायला त्यांनी घरातल्या पाण्याचा सोसायटीच्या दारात सडा घातला. साहेब काही फिरकले नाहीत. वच्छलाबाईंनी मात्र रिकामा हंडा नवऱ्याच्या डोक्यावर ठेवून त्यांना अंगणात उभं केलं. गाव सगळं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेलं, त्यामुळं कुणी पाहिलं नाही. पण नेमका एक पेपरवाला पाणी प्यायला त्यांच्याच दारात आला. "पानी कुटं गेलं ते त्यास्नीच इचारा," बाई म्हणाल्या.

सभेत अण्णांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि आयुष्यातलं पहिलं खोटं ठोकून दिलं. "बातमी बनावट हाय. आपल्या गावात असली बाई झालीच न्हाई."

"मंग!" म्हणत पुढं बसलेल्या धुळाजी नावाच्या सभासदानं मांडीवर थाप मारली. गडीमाणसं खूश झाली.

बायकांतून वच्छलाबाई उठल्या. "अवं, लेकरू कोरड्या घशानं रडत व्हतं तवा. जन्मात एकदाच माजं गाऱ्हानं कुनी लिहून घेतलं. ते बी खोटं केलंत?"

अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अब्रूपायी आपण बायकोला पुसून टाकलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली. चष्मा काढून ते म्हणाले, "बातमी खरी हाय. त्यो नवरा मीच."

धुळाजी हसू दाबता दाबता खोकू लागला. सुंदरराव बिचारे चाचरत म्हणाले, "मंग वहिनी, छापायची का न्हाई?"

"छापा की," वच्छलाबाई पदर सावरत म्हणाल्या. "त्यांचं नाव नका घालू, ओशाळल्यावानी हुईल त्यास्नी. माजं घाला."