उघड्या नळीची टाकी

मी एक जुनी, तांब्याची, गरम पाण्याची टाकी आहे. सध्या मागच्या अंगणात भिंतीला टेकून उभी आहे. माझं पोट फुगलेलं आहे आणि मित्रांनो, कोणी बघायला आलं की मला तोंड लपवावंसं वाटतं.

मला घडवणाऱ्या तांबटाने पत्रा पातळ ठेवला, कारण माझ्यावर कधी जोर येणारच नव्हता. जिन्याच्या वळणावर एक छोटी टाकी होती. तिच्यातलं गार पाणी आपल्या वजनाने माझ्यात उतरायचं. माझ्या डोक्यातून निघालेली नळी त्याच छोट्या टाकीवर उघडी सोडलेली होती. पाणी फार तापलं तर वाफ तिथून निघून जायची. न्हाणीघराशेजारच्या कपाटात मी सुखात होते. थंडीत सगळे माझ्या अंगाला टॉवेल लावून गरम करायचे.

पुढे खालच्या खोलीला ओल आली, म्हणून आजीसाठी वर खोली आणि न्हाणीघर बांधलं. छोटी टाकी खालीच राहिली. तिच्याहून उंच नळाला मी पाणी कसं देणार? दुखरे गुडघे घेऊन, कठडा धरून आजी अंघोळीला खाली यायची. मी शरमेने अर्धी व्हायचे.

शेवटी नळवाल्याला बोलावलं.

"छोटी टाकी वर न्यायला छपराखाली जागा नाही," तो म्हणाला. "ही काढा आणि बंद टाकी बसवा. जाड पोलादाची असते, वर पाणी चढवणाऱ्या मोटरचा जोर सोसते. फक्त तिचा सेफ्टी व्हॉल्व्ह दरवर्षी तपासून घ्यायचा."

"राहू दे रे हिला," आजी म्हणाली. "इतकी वर्षं साथ दिलीय. मला उतरायला काही होत नाही."

ते खोटं होतं आणि ती माझ्यासाठी बोलली होती.

आजीच्या मुलाला आईचे हाल बघवेनात आणि तिचं मनही मोडवेना. त्याने स्वतःच गार पाण्याच्या नळीवर मोटर बसवली. ती लावताच माझ्या उघड्या नळीतून पाणी उसळलं. "सगळा जोर इथेच वाया जातोय!" म्हणत त्याने नळीत लाकडी खुंटी ठोकली.

वर धो धो पाणी आलं.

"बघा, म्हातारीत किती दम आहे!" आजी खूश होऊन म्हणाली. सगळे मला शाबासकी देत होते आणि इकडे माझे सांधे करकरत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एके दिवशी सून टॉवेल ठेवायला आली, तर कपाटाचं दार लागेना. तिने आत डोकावून पाहिलं आणि आधी मोटरचं आणि माझ्या हीटरचं बटण बंद केलं.

"अहो, टाकी फुगलीय! वर आई अंघोळ करताहेत!"

मुलगा खुंटी काढायला धावला.

"हात लावू नका! आधी निवू द्या तिला!" सून ओरडली. "मीच ठोकली ती खुंटी," तो जिन्यातूनच म्हणाला.

"त्याला कोणी बोलू नका," ओल्या केसांनी बाहेर आलेली आजी म्हणाली. "हट्ट माझा होता."

आता कपाटात बंद टाकी आहे. आजी वरच अंघोळ करते. ऊन खायला अंगणात आली की माझ्या फुगलेल्या पोटावरून हात फिरवते आणि माझी मान आणखी खाली जाते.

मित्रांनो, वाफेची वाट कधी बंद करू नका. बंद टाकी असेल तर तिचा व्हॉल्व्ह न चुकता तपासा. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तूवर माया असेल तर तिला वेळेवर रजा द्या. अडगळीत पडायची लाज मी सहज सोसली असती. माझ्यापायी आजी एकेक पायरी उतरत होती, ती लाज मला सोसत नाही.