मागील पानावरून पुढे

शेषरावकाकाले म्या हजारदा सांगतलं, पन आयकतील तर शपथ! बुलढाण्यातल्या आमच्या नर्सिंग संस्थेत ते हेडक्लार्क. टाइपरायटर गेला, कम्प्युटर आला, पन दर दहा नावांनंतर नवं पान घ्याचं अन् त्याच्या डोक्यावर ‘मागील पानावरून पुढे’ लिहाचं, हे काई सुटलं नाई. कागदावर शोभते ते. पन प्रवेशाची तीच वर्डमधली यादी म्या सोमवारी एचटीएमएल करून वेबसाइटवर चढवली, तं त्या ओळीपाशी यादी तुटली अन् हरेक पानावर नंबर पुन्हा एकपासून सुरू! आठ पानं, आठ पह्यल्या नंबरच्या पोरी. जागा फक्त वीस.

बुधवारी ध्यानात आलं तवा डोकं सटकलं माह्यं.

“काका, हे काय करून ठेवलं हो?”

“कागदावर बरोबर हाय ना? तुह्या मशिनचं तू पाह्य.”

आता काय बोलाव या मानसाले! दुसऱ्या पानाले अकरापासून सुरू केलं, तिसऱ्याले एकवीसपासून. पाहाले गेली तं मधातच ‘३४. ३४.’ काकानं तिथं नंबर हातानं टाइप केले होते, वरून मशिनचेही पडले. मले रडू याचं बाकी होतं. एकएक खोडत बसली. दुपारी यादी नीट झाली, चढवली.

तेवढ्यात सोनाळा गावची एक पोरगी आली, रेणुका. संगं तिची माय, कलाबाई.

“मॅडम, पह्यला नंबर हाय माहा. प्रवेश घ्याले आली.”

म्या नवी यादी पाह्यली. एक्केचाळीस. कसंबसं सांगतलं, का यादीतच चूक होती म्हनून.

रेणुकाचं तोंड उतरलं. “अकोल्याले लागला होता नंबर. कालच सोडली ती जागा. इथं पह्यली हाय म्हटल्यावर तिकडं काऊन जाचं?”

एवढा वेळ काकावर चिडून राह्यली होती मी. पन चढवाच्या आधी म्या फक्त पह्यलं पान पाह्यलं होतं. आठही पानं पाहाले पाच मिनिटं लागली असती. लय लाज वाटली स्वतःची.

अकोल्याच्या कॉलेजले फोन लावला, हातापाया पडली. ती जागा पुढच्या नंबरच्या पोरीले देऊन झाली होती.

फोन ठेवला. रेणुका समजली. कलाबाईनं मात्र फाइलीतली मार्कशिट काढून माह्या टेबलावर ठेवली.

“चूक होती म्हनता, तं आता दुरुस्त केली ना मॅडम?” ती म्हने. “मंग घ्या की माह्या पोरीले.”