गंगूची शेळी

सहासष्टाव्या वर्षी मेंढपाळ कोंडीबा साक्षरता वर्गात बसला तो शिकायच्या हौसेनं नव्हे, बायको धोंडुबाईच्या कटकटीनं. तीन महिन्यांनी वर्गाच्या समीक्षाबाई सगळ्यांची वाचनपातळी ठरवायला बसल्या. पातळ्या चार: अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट. बाईंच्या हातात मोबाईलचं घड्याळ, वाचायला प्रत्येकाला एकच मिनिट.

कोंडीबानं ओळीखाली बोट धरलं. "गंगूची शेळी हरवली. गंगू रडू लागली. सगळे शेळी शोधायला निघाले." तेवढ्यात मिनिट संपलं.

"शाब्बास बाबा! परिच्छेद पातळी."

"ते ऱ्हाऊ द्या. शेळी घावली का?"

"ते पुढच्या पानावर असेल. पण ते पान गोष्ट पातळीलाच द्यायचं. आता सहा महिन्यांनी बघू."

"सा म्हैनं? तवर लांडगं गप बसत्याल व्हय?"

बाई नियमाच्या पक्क्या. त्यांनी पान पाकिटात घालून चिकटवून टाकलं. उभ्या जन्मात कोंडीबानं कुणाचं कोकरूही रानात मागं सोडलं नव्हतं. त्याला भाकरी गोड लागेना.

दिवाळी झाली. मेंढरं दरसालासारखी पलूसकडं, ऊस तुटून गेलेल्या रानात खतासाठी बसायला निघाली. कोंडीबा मात्र हलला नाही.

"आवं, खरी दोनशे सोडून कागदावरच्या एकीसाठी बसलाय?" धोंडुबाईनं कपाळावर हात मारला.

"त्यास्नी आपलं पोरगं हाय. हिला कोन हाय?"

मग त्यानं खताची पोती वाचली, एसटीच्या पाट्या वाचल्या, झालेल्या लग्नांच्या पत्रिकाही सोडल्या नाहीत. गावालाही तोच नाद लागला. नळावरच्या बायका रोज धोंडुबाईला विचारायच्या, "घावली का वं?"

सहा महिन्यांनी निम्मं गाव शाळेत लोटलं. कोंडीबानं पहिलं पान धडाधड वाचलं आणि दुसरं उलटलं. "सगळ्यांनी ओढा पाहिला. डोंगर पाहिला. शेळी दिसली नाही."

गोष्ट तिथंच संपली होती. खाली प्रश्न होता: शेळी कुठे गेली असेल? तुमच्या शब्दांत सांगा.

"गोष्ट पातळी!" बाईंनी टाळ्या वाजवल्या. "सांगा आता उत्तर."

कोंडीबाचे डोळे भरून आले. "म्हंजी, तुमाला बी ठावं न्हाई?"

"नाही बाबा."

"आन् लिवणाऱ्याला?"

"त्यालाही नसेल."

कोंडीबानं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि काठी उचलली.

"अहो, सही राहिली!"

"ती मागनं. आदी सांगा, गंगूचं गाव कंचं?"

नियमाच्या पक्क्या समीक्षाबाई पानं उलटून गाव शोधू लागल्या.