आर्विदच्या स्वेटरचा रंग

टोरलाइफ आमच्या फोटो क्लबात आला तो निवृत्त झाल्यावर. आयुष्य सगळं बोटींच्या इंजिनखोलीत गेलेलं, त्यामुळे उजव्या कानाने त्याला जवळजवळ ऐकू येत नसे. बायको फार पूर्वी दक्षिणेकडे बोडोला निघून गेली होती. मूलबाळ नव्हतं. एक भाऊ होता, तोही वारला. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, आमच्या बर्लेवोग गावात हिवाळ्यात एकट्या माणसाला करण्यासारखं फार काही नसतं, म्हणून त्याने कॅमेरा घेतला, धक्क्यावरून लाटा टिपू लागला, आणि दर मंगळवारी संध्याकाळी वाचनालयाच्या तळघरात येऊन बसू लागला. वाचनालय मी सांभाळते, तेव्हा क्लबाची किल्लीही माझ्याचकडे असते.

रॉ फाइलचं वेड त्याला मीच लावलं. मी त्याला समजावलं होतं, की एरवी कॅमेरा फोटो आपल्या अकलेने तयार करून देतो. उजेड किती, रंग कुठला, हे तोच ठरवतो आणि उरलेलं सगळं टाकून देतो. रॉमध्ये तो काहीच ठरवत नाही. जेवढा प्रकाश आत आला तेवढा सगळा तसाच जपून ठेवतो. दिसायला ती फाइल फिकट, मरगळलेली दिसते. पण मग घरी बसून आपण सावकाश ठरवायचं, आणि चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. मूळ फाइलला धक्का लागत नाही.

"म्हणजे ज्याला धड फोटो काढता येत नाही, त्याच्यासाठी," रोआल म्हणाला. रोआल मासळीच्या कारखान्यात मुकादम होता आणि अजूनही सगळ्यांशी तसाच बोलतो.

"मला नाहीच येत," टोरलाइफ म्हणाला.

"दिसतंय ते! एक लाट काढायची नि आठवडाभर तिला घासत बसायचं. अरे, तोवर समुद्राने हजार नव्या पाठवल्या!"

सगळे हसले. टोरलाइफही हसला, पण पुढच्या मंगळवारी त्याने पुन्हा रॉच आणले.

डिसेंबरात गावातल्या सिल्येचं लग्न होतं. तिचा नवरा खेकड्यांच्या बोटीवर असतो. फोटोग्राफर किर्केनेसहून यायचा होता, पण आदल्या दिवशी वादळ सुटलं आणि डोंगरावरचा रस्ता बंद झाला. लग्नाच्या सकाळी सिल्ये केसांना क्लिपा लावलेल्या, अंगावर वडिलांचा भला मोठा कोट, अशी टोरलाइफच्या दारात उभी.

"टोरलाइफकाका, तुम्ही याल का? कॅमेरा घेऊन?"

"मी? अगं, मी लाटांचे फोटो काढतो."

"मग मी लाट आहे असं समजा. नाही म्हणू नका हो."

तो गेला. त्या दिवसांत आमच्याकडे सूर्य उगवतच नाही. भर दुपारी चर्चच्या खिडक्यांतून निळसर संधिप्रकाश येत होता, वर पिवळे दिवे, वेदीवर मेणबत्त्या. एकाच चेहऱ्याची एक बाजू निळी, दुसरी पिवळी. टोरलाइफला घाम फुटला. नवरीचा झगा नुसता पांढरा डाग होऊ नये म्हणून त्याने उजेड कमी धरला, आणि त्यामुळे मागचं अर्धं चर्च काळोखात बुडालं. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, लग्नाची माती केली आपण.

पण फाइली रॉ होत्या. नाताळ आणि त्यानंतरचे दिवस तो घरात बसून एकेक चेहरा काळोखातून बाहेर काढत राहिला. निळा थोडा कमी, पिवळा थोडा कमी, सावली थोडी वर. हळूहळू गाल दिसू लागत, डोळे दिसू लागत. नवऱ्या मुलाच्या आईने रडू आवरताना ओठ कसा चावला होता, सिल्येचा भाऊ कसा सारखा बुटांकडे पाहत होता, हे सगळं त्याने मला सांगितलं. गावातली माणसं त्याने इतक्या जवळून कधी पाहिलीच नव्हती.

"मजा बघ, गेर्द," तो मला म्हणाला. "सिल्येच्या मावशीच्या भुवईत एक जुना व्रण आहे. दिवसभर मी तो पाहत होतो. दुसऱ्या दिवशी ती दुकानात भेटली. मला वाटलं, आता किती बोलू नि किती नको. ती म्हणाली, गारठा आहे. मी म्हणालो, हो. झालं."

फोटो सगळ्यांना आवडले. सिल्येने केक पाठवला. मग तो पुन्हा धक्क्यावर जाऊन लाटा टिपू लागला.

जानेवारीच्या अखेरीस आर्विद गेला. आर्विद म्हणजे सिल्येच्या आजीच्या बहिणीचा, सोलफ्रीदचा नवरा. छातीचं जुनं दुखणं होतं. कॅमेरा दिसला की हा माणूस उठून बाहेर जायचा, त्यामुळे म्हातारपणातला त्याचा एकही धड फोटो नव्हता. सोलफ्रीद सगळ्यांना विचारत फिरली. लग्नात कुणी मोबाइलवर काढला असेल? एक-दोघांचे निघाले, पण त्यांत एक काळा ठिपका आणि त्यात दोन लाल डोळे. शेवटी ती टोरलाइफकडे आली. दोघं एकाच शाळेत शिकलेली, पण त्याच्या घरात ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती.

"तो सगळ्यात मागे बसला होता. सज्जाखाली," ती म्हणाली. "खोकला आला तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून. तुझ्या फोटोत तिथे नुसता अंधार आहे. मी पाहिलेत."

"तो सिल्येला दिलेला फोटो. माझ्याकडे मूळ आहे."

"मुळात काय वेगळं असणार?"

"बस जरा. कॉफी ठेवतो."

त्याने फाइल उघडली. सिल्ये आणि तिचे वडील मधल्या वाटेवरून चालत येत होते, त्यांच्या मागे काळोख. टोरलाइफने सावली वर ओढायला सुरुवात केली. काळोख आधी करडा झाला, मग त्यात सज्जाचा खांब आला, बाकाची पाठ आली, आणि खांबाला टेकून बसलेला एक माणूस आला. त्याच्यावर वाळूसारखे बारीक दाणे पसरले होते, पण माणूस आर्विदच होता. मान थोडी पुढे, हात गुडघ्यावर.

सोलफ्रीद एकदम खुर्चीतून पुढे झुकली.

"मेल्या, स्वेटर!"

"काय?"

"स्वेटर घालून बसलाय! मी स्वतः त्याला कोट चढवून घरातून बाहेर काढला होता. म्हटलं, लग्न आहे, माणसासारखा दिस. चर्चच्या दारातच काढून खुंटीला लावला असणार. आणि जेवताना मला म्हणतो कसा, आत गरम झालं म्हणून आत्ताच काढला!" ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने रुमाल काढला. टोरलाइफ उठून कॉफी आणायला गेला आणि उगाच थोडा वेळ तिथेच थांबला.

परत आला तेव्हा ती पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होती.

"पण हा तो नाही. चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसतोय. आणि स्वेटर तपकिरी नव्हता, हिरवा होता."

"ते दिव्यांमुळे. रंग बदलता येतो. कसला हिरवा?"

"हिरवा म्हणजे हिरवा. शेवाळासारखा."

त्याने पिवळा काढून निळा वाढवला. "असा?"

"छे, हा तर बाटलीचा हिरवा."

"मग असा?"

"टोरलाइफ, तू त्याला मेलेला करून टाकलास," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती स्वेटरच घेऊन आली. कागदाच्या पिशवीत घडी घालून आणला होता. धुतला नव्हता. सूर्य नुकताच परतला होता आणि दुपारी खिडकीतून थोडा उजेड येत असे. त्या उजेडात टोरलाइफने स्वेटर पडद्याशेजारी धरला. लोकरीला तंबाखूचा आणि डिझेलचा वास होता. कोपराला वेगळ्या लोकरीने रफू केलेलं होतं. एका हाताने दुसऱ्याचा स्वेटर धरून, दुसऱ्या हाताने तो रंग थोडा थोडा हलवत राहिला, आणि सोलफ्रीद शेजारून सांगत राहिली. अजून थोडा. नाही, मागे घे. हं. जरासा पिवळा राहू दे. स्वेटर जेव्हा शेवाळाच्या रंगावर आला, तेव्हा चेहराही आपोआप ठिकाणावर आला. कॅमेऱ्याने त्या दिवशी रंग स्वतःच ठरवून टाकला असता, तर हे जमलंच नसतं.

त्यानंतर ती आणखी काही दुपारी आली. एकदा म्हणाली, डोळ्यांखाली फार काळं वाटतंय. एकदा म्हणाली, नको, काळंच होतं, आजारी होता तो. टोरलाइफ वॉफल करून ठेवू लागला. तिच्यासाठी त्यावर घालायचं आमच्याकडचं गोडसर तपकिरी चीज पातळ कापून ठेवायचा. ती आर्विदबद्दल बोलायची, आणि तो चांगला कान तिच्याकडे करून ऐकायचा. त्या आठवड्यांत क्लबात त्याने एकही लाट आणली नाही. रोआलने विचारलं, "काय रे, समुद्र आटला का?" टोरलाइफ नुसता खांदे उडवून बसला.

मग एका दुपारी सोलफ्रीदने पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"पुरे आता. हा तो आहे."

"अजून दाणे थोडे कमी करता येतील," टोरलाइफ म्हणाला. "भिंतीवरही सज्जाची सावली जास्त दिसते. हवं तर सगळं पुसून पहिल्यापासून करू. या फाइलीचं तेच तर बरं असतं, मूळ कधी बिघडत नाही. कितीही वेळा करता येतं."

"नको रे. किती वेळा करायचं?"

तिने फोटो छापून घेतला, फ्रेम केला. निघताना दारात म्हणाली, "ईस्टरनंतर मी आल्टाला चाललेय, लेकीकडे. घर विकायचं म्हणतेय ती."

"आल्टा छान आहे," टोरलाइफ म्हणाला.

"तू गेला आहेस का कधी?"

"बोटीवर असताना. धक्का तेवढा पाहिलाय."

हे त्याने मला मे महिन्यात सांगितलं, वाचनालय बंद करायच्या वेळी, पुस्तक परत करायच्या निमित्ताने. मी विचारलं, "तिला सांगितलं का नाहीस, की ये म्हणून, फोटो नसला तरी?"

"फोटो झाला होता ना, गेर्द," तो म्हणाला.

उन्हाळ्यात त्याला सोलफ्रीदचा एकदा फोन आला. नातवाला आजोबांची एक प्रत हवी होती. त्याने ती पाठवली. बोलणं फार झालं नाही. तिने विचारलं, डोंगरावर बर्फ आहे का अजून? तो म्हणाला, उत्तरेच्या उतारावर आहे थोडा. ती म्हणाली, बरं. एवढंसं ते बोलणं त्याने मला दोनदा सांगितलं.

मी त्याला रविवारी जेवायला बोलावलं. कॉड उकडला होता, बटाटे होते. तो वेळेवर आला, नीट जेवला, माशाची तारीफ केली. माझ्या नवऱ्याशी बोटींच्या जुन्या इंजिनांबद्दल बराच वेळ बोलला. मग उठला, बशी स्वतः धुऊन जागेवर ठेवली आणि म्हणाला, "चला, निघतो. फार वेळ बसलो."

"अरे, कॉफी व्हायचीय अजून."

"पुढच्या वेळी," तो म्हणाला. बाहेर लख्ख ऊन होतं. कुणी वाट पाहत असावं अशा घाईने तो बूट चढवून चालू लागला.