विक्रमची मिरवणूक

लढाई सुरू झाल्याची बातमी आली, तेव्हा बेळगुंदीत सगळ्यात आधी पेटून उठला तो युवराज. हा तरुण मंडळाचा अध्यक्ष. लढाईचा त्याचा अनुभव म्हणजे गणपतीत कुणाचा डीजे पुढं जायचा, एवढाच. पण त्यानं त्याच दुपारी गाणं रचलं, गायलं आणि मोबाईलवरून जगभर सोडलं. चाल मागच्या वर्षीच्या गणपतीचीच होती, फक्त गुलालाच्या जागी रक्त घातलं होतं. 'तू हो फुडं जवाना, आमी येतो मागनं' असं त्याचं धृपद.

कल्लाप्पाचा विक्रम खराच फौजेत. भाताच्या पेरणीला हातभार लावायला म्हणून सुट्टीवर आलेला. सुट्टी रद्द झाल्याचा फोन आला आणि त्यानं मुकाट्यानं बॅग भरली. बेळगावातून संध्याकाळची रेल्वे धरायची होती. ती चुकली तर वेळेत हजर होता येणार नव्हतं, आणि फौजेत 'वाटेत गर्दी होती' हे कारण चालत नाही. कल्लाप्पानं सकाळीच मोटरसायकल पुसून ठेवली.

तेवढ्यात युवराज दारात. गावचा वाघ असा गुपचूप जाणार? त्याला वाजतगाजत स्टेशनपर्यंत सोडायचं, गाण्याचा व्हिडिओही त्यातच उरकायचा, असं त्यानं परस्पर ठरवलं होतं. कल्लाप्पानं रेल्वेची वेळ सांगितली. युवराज म्हणाला, देशासाठी रेल्वे थोडी थांबंल की. विक्रमची आई बायाक्का भाकरी बांधत होती. तिला ओवाळणीचं ताट घेऊन तीनदा दारातून बाहेर यायला लावलं, कारण पहिल्या दोन वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

मिरवणूक निघाली. पुढं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर डीजे, मागं फुलांनी सजवलेली जीप. डीजे वाजू लागला की पाऊल पुढं टाकायचं नाही, हा आपल्याकडचा शिरस्ता. पोरं जागच्या जागी शत्रूला तुडवत होती. गल्लीचं तोंड यायच्या आतच ऊन कललं. कल्लाप्पा एकेकाच्या कानाशी लागून रेल्वेची आठवण करून देई आणि जो तो त्यालाच हात धरून नाचायला ओढी. विक्रम नुसता घड्याळ बघत होता.

सगळ्या पोरांनी बाजारातून आणलेले मिलिटरी रंगाचे कपडे चढवले होते. साध्या शर्टात होता तो एकटा विक्रम. शहरातून आलेल्या व्हिडिओवाल्यानं जवानाला जीपवर चढवा म्हणून हाक दिली आणि गर्दीनं मंथनला उचललं. हा मंथन भरतीच्या वेळी अर्ध्या धावेतच दम लागून खाली बसलेला. पण छाती रुंद, मिशा भरघोस आणि कपडे तर पट्ट्यासकट. त्याच्या गळ्यात हारावर हार पडले. त्यानंही कुणाचं मन मोडलं नाही. विक्रम काही सांगायला पुढं झाला, तर व्हिडिओवाला म्हणाला, "ओ शर्टवाले, बाजूला व्हा. जवान झाकला जातोय."

विक्रम बाजूला झाला. त्यानं बापाकडं बघितलं. गर्दीनं कल्लाप्पाचं एवढं भलं आजवर कधी केलं नव्हतं.

"आप्पा, मोटरसायकल?"

"मागल्या दारात हाय. चल, कुणी वळखायच्या आत."

मागल्या दारात बायाक्का भाकरीचं गाठोडं घेऊन उभी होती. आता तिच्या डोळ्यांना धार लागली होती. कॅमेरा मात्र पुढच्या दारी होता.

बापलेक पाणंदीच्या धुळीतून निघाले. स्टेशनात रेल्वे येऊन उभीच होती. विक्रम बापाच्या पाया पडला आणि धावत डब्यात चढला. ना फूल, ना घोषणा.

कल्लाप्पा परतला तेव्हा दिवस मावळत होता आणि मिरवणूक मारुतीच्या देवळापाशी पोचली होती, म्हणजे त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मंथन जीपवरून सलाम ठोकत होता. घसा बसलेल्या युवराजनं कल्लाप्पाच्या ओंजळीत पाकळ्या ओतल्या. "अण्णा, जवानावर टाका की दोन फुलं." कल्लाप्पानं टाकली. लढाईचे दिवस, उगाच वाद कशाला.

तोच खिशातला फोन थरथरला. विक्रम होता. बसायला जागा मिळाली म्हणाला. मग त्याला फोनमधून गाणं ऐकू आलं असावं.

"आप्पा, ती अजून गावातच हाईत व्हय?"

"मारुतीपातुर आल्यात रं," कल्लाप्पा म्हणाला. "तू हो फुडं. येत्यात मागनं."